बाईच्या ताटावर सगळ्यांची नजर का असते?

शिवणवाली (सांगली)

विश्रामबागेत माझं घरगुती शिवणकाम आहे, जास्त करून ब्लाउज आणि पंजाबी ड्रेस. मापं घेताना बायका काय बोलतात ते रोज ऐकते. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज लिहितेच.

कमरेला टेप लावली की बाई आधी पोट आत घेते. आकडा वहीत उतरायच्या आत तिचा खुलासा सुरू होतो. "दिवाळीत जरा जास्तच झालं गं." "भाचीच्या लग्नात नुसतं गोडधोड चाललं होतं." "ऑपरेशननंतर सुटले ती सुटलेच." मी काहीही विचारलेलं नसतं. दंडाचं माप घेताना तर भिंतीकडं बघतात. "माया जरा जास्त सोड, पुढच्या वर्षी उसवावं लागंल," असं म्हणताना आवाज खाली जातो. बँकेतल्या मॅडम असोत की बुधगावहून भाजीची पाटी घेऊन येणारी मावशी, बोलणं तेच. शेजारच्या गाळ्यात माझे दीर पुरुषांचे शर्ट-पँट शिवतात. तिथं येणारं गिऱ्हाईक ताठ उभं राहतं, "इथं सैल ठेवा" म्हणतं आणि पावती घेऊन निघतं. दिवाळीत काय खाल्लं हे दिरांना आजवर कुणी सांगितलेलं नाही.

ही टोचणी येते कुठून? मला वाटतं, बाईनं स्वतःच्या भुकेसाठी खावं हे आपल्याकडं कुणाला पटतच नाही. तिच्या खाण्याला दुसऱ्या कुणाचं तरी निमित्त लागतं. दिवस गेले की सगळं घर मागं लागतं, दोन जिवांची आहेस, खा. डोहाळजेवणाला ताटाभोवती वाट्या मावत नाहीत. बाळंतपणात डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेपूची भाजी, सगळं आयतं हातात येतं, कारण अंगावर बाळ पितंय. बाळ भाताला लागलं की त्याच बाईनं दुसऱ्या पोळीला हात घातला तर "आता जरा आवरतं घे" ऐकायला मिळतं. त्यापुढं तिनं खायचं ते प्रसाद म्हणून, पाहुण्यांनी आग्रह केला म्हणून, नाहीतर पोरानं ताटात टाकलेलं वाया जाऊ नये म्हणून. "मला भूक लागली, मी वाढून घेतलं" एवढं कारण तिला पुरत नाही. मग ती ओट्याशी उभी राहून खाते, पातेलं निपटताना खाते, आणि ताट घेऊन बसायची वेळ आली की "मला एवढं बास" म्हणते. रात्री परत भूक लागते. परत डबा उघडते. परत मनाला लावून घेते.

बारीक पोरींचीही सुटका नाही. गेल्या महिन्यात एकीची आई माझ्यासमोरच लेकीला म्हणाली, "हिच्या अंगाला काहीच लागत नाही, बघायला आलेल्यांना काय दाखवायचं?" पोरगी मापाला उभी होती. खांदे तिनं असे काही आवळून घेतले की मुंढ्याचं माप मला नंतर परत घ्यावं लागलं.

तुमच्या घरात, कामाच्या ठिकाणी काय चालतं? मनापासून लिहा.

पेठेतली (सातारा)

ऑफिस सुटल्यावर कधीतरी राजवाड्याच्या चौपाटीवर मी एकटीच भेळ खाते. मिस्टर बाहेरगावी नोकरीला. ओळखीचं कुणी भेटलं की पहिला प्रश्न, "एकटीच?" आणि दुसरा, "घरी स्वयंपाक नाही का केला आज?" शेजारच्या गाडीवर चार जण एकेकटे भुर्जी-पाव खात असतात, त्यांच्याकडं कुणी ढुंकूनही बघत नाही. मध्यंतरी मी पार्सल न्यायला लागले होते. घरी जाईपर्यंत भेळ मऊ पडते. आता परत तिथंच उभी राहून खाते, आणि विचारलं तर "हो, एकटीच" म्हणून सांगते.

तासगावची

धाग्याबद्दल आभार, ताई. दोन गोष्टी लिहिते. दोन्हीत बाया त्याच आहेत.

आमच्याकडं द्राक्षाचा माल शेडवर वाळला की बेदाणा निवडायला बाया लागतात. दिवसभर खाली बसून काड्या काढायच्या, काळा दाणा बाजूला टाकायचा. दुपारी गोल करून डबे उघडतात. ज्वारीची भाकरी, खर्डा, शेंगदाण्याची चटणी, मेथीचा घोळाणा, कुणाकडं वांग्याचं भरीत. एकीची भाजी दुसरीच्या भाकरीवर जाते. "अजून एक चतकोर घे की, संध्याकाळपर्यंत वाकायचंय," असं एकमेकींना म्हणतात. तिथं कुणाची भाकरी कुणी मोजत नाही. मी तिथं हिशेबाला बसायचे, त्यामुळं हे जवळून बघितलंय. त्यांच्यातल्या कुणालाही मी तिथं "जास्त झालं" म्हणताना ऐकलं नाही.

आता जत्रेचं मटण. पातेलं उतरलं की नळी आणि कलेजी कर्त्या पुरुषांना, जावई आला असेल तर पहिला मान त्याचा, मग पोरं. वाढणारी बाईच असते आणि कुणाच्या ताटात काय पडलं पाहिजे हे तिला कुणी सांगावं लागत नाही. शेवटच्या पंगतीला पातेल्यात रस्सा आणि बरगडीची हाडं. त्यावर कट सुद्धा नसतो, तो आधीच्या पंगतींनी नेलेला असतो. माझ्या चुलतीनं एका जत्रेला पुरुषांची पंगत उठायच्या आत आपल्या ताटलीत नळी काढून ठेवली. बोकड तिनंच लहानाचं मोठं केलेलं, पाला तिनं आणलेला, वाटण तिनं केलेलं. भावकीत वर्षभर चघळलं गेलं, "तिनं आधीच वाढून घेतलं." बोलण्यात बाप्ये होते आणि बायकाही होत्या. बायका जास्त होत्या, हे मला आजही लागतं.

वाईची लेक

नळीचं वाचलं आणि थांबलेच. माझ्या आईला मटण आवडत नाही असं आम्ही भावंडं मोठी होईपर्यंत धरून चाललो होतो.

जुना सांगलीकर

मुद्दा पटतो, तरी दुसरी बाजू मांडतो. आमच्या मंडळींना शुगर आहे आणि गुडघे धरलेत. डॉक्टरांनी भात, साखर, बेकरीचे पदार्थ कमी करायला सांगितलेत. मी बोललो की सून आणि मुलगी दोघी म्हणतात, बाबा तुम्ही आईच्या खाण्यावर बसता. मग बोलायचंच नाही का? वजनानं होणारे आजार खरे आहेत. डोळ्यादेखत माणूस आजारी पडताना गप्प कसं बसायचं?

आहारमैत्रीण (मिरज)

काका, तुमची काळजी रास्त आहे. मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, त्यामुळं थोडं सविस्तर लिहिते.

आधी बाईला किती लागतं ते बघू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० साली भारतीयांसाठी आहाराची प्रमाणं नव्यानं दिली. बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २११० किलोकॅलरी, बैठं काम करणाऱ्या बाईला १६६०. आपल्याकडं लोक एवढाच भाग ऐकतात आणि बाईला कमीच लागतं म्हणून मोकळे होतात. त्याच तक्त्यात कष्टाचं काम करणाऱ्या बाईला २७२० लिहिलंय. म्हणजे उसात भांगलायला जाणाऱ्या, डोक्यावर वैरणीचा भारा आणणाऱ्या बाईला पेढीवर बसणाऱ्या तिच्या नवऱ्यापेक्षा ६१० किलोकॅलरी जास्त लागतात. किती घरांत तिचं ताट त्याच्यापेक्षा मोठं असतं?

लोहाचं प्रमाण तर सरळ उलटं आहे. पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम, बाईला २९. कारण उघड आहे, पाळीत दर महिन्याला रक्त जातं. बाजरी, हुलगे, पालेभाज्या यांत लोह आहे, पण मांसातलं लोह शरीर जास्त सहज शोषतं आणि कलेजीत ते भरपूर असतं. तासगावच्या ताईंनी वाटणीचं जे लिहिलंय ते यासोबत वाचा. ज्याला लोह कमी लागतं त्याच्या ताटात कलेजी, जिला जास्त लागतं तिच्या ताटात रस्सा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. देशाचा आकडा ५७ टक्के. माझ्याकडं येणाऱ्या कितीतरी जणी "वजन कमी करायचंय" म्हणून येतात, रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९. गरोदर नसलेल्या बाईचं ते १२ च्या खाली असू नये. जिना चढताना धाप लागते ती वजनानं, असं त्या धरून चाललेल्या असतात.

आता वजन. ते वाढतं, त्यानं आजार होतात, हे मी नाकारत नाही. कंबर बाईची ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषाची ९० च्या आत असावी असं आपण मानतो. पुरुषालाही मर्यादा आहे, हे काका मुद्दाम लिहितेय. काकूंना काय मदत होईल ते सांगते. भाताचं पातेलं सगळ्यांसाठीच लहान करा. बेकरीची खारी-बटर घरात आणूच नका, नाहीतर चार जणांनी खायची आणि एकीनं बघत बसायचं, असं होतं. उसळ, अंडं, डाळ, ताक यांचं प्रमाण वाढवा म्हणजे पोट भरलेलं राहील. जेवणानंतर दोघं मिळून चालायला जा. आणि पाहुण्यांसमोर काकूंचा हात धरू नका. चारचौघांत टोकलेली बाई तेवढ्यापुरती थांबते आणि नंतर एकटी खाते, हे मी फार बघितलंय.

हे का होतं, त्यावर एक जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञानं ३६ धडधाकट तरुण पुरुषांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. महायुद्धात उपासमार झालेल्या लोकांना परत कसं खाऊ घालायचं ते शोधण्यासाठी. दिवसाला साधारण १५७० किलोकॅलरी. थोड्याच दिवसांत त्या पुरुषांच्या डोक्यात अन्नाशिवाय काही उरलं नाही. ते पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, ताटल्या चाटायचे, चिडचिडे झाले, उदास झाले. प्रयोग संपल्यावर काही जण पोट फुटेस्तोवर खात सुटले. सगळे मनानं खंबीर म्हणून निवडलेले होते. तेव्हा "मला ताबाच नाही, दिवसभर खाण्याचेच विचार येतात" असं म्हणणाऱ्या बाईला मी आधी विचारते, सकाळपासून पोटात काय गेलं? बऱ्याचदा उत्तर असतं, दोन वेळचा चहा आणि पोरांच्या डब्यातलं उरलेलं. एवढ्यावर राहिलेल्या शरीरानं संध्याकाळी अन्न मागितलं तर त्यात लाजण्यासारखं काय आहे?

शिवणवाली (सांगली)

ताई, १६६० आणि २७२० चा फरक मी वहीत लिहून ठेवला. मापाला येणाऱ्या शेतातल्या बायकांना सांगणार आहे.

काका, राग मानू नका. काकूंच्या पथ्याचं जेवण घरात कोण करतं? आणि तुमच्यासाठी वेगळा भात कोण लावतं? माझ्या ओळखीत एक काकू आहेत, त्यांना शुगर, त्याच चुलीपाशी उभं राहून नवऱ्याला शिरा करून देतात आणि चव बघितली तर तो म्हणतो, "तुला चालत नाही ना?" तुमच्या घरी असंच असेल असं मी म्हणत नाही. पण चमचाभर शिऱ्यासाठी ज्या तोंडानं ती रडते ते मी बघितलंय.

माणदेशी काकी

मुलीच्या मोबाईलवरून लिहिते आहे, चुका पोटात घाला.

तुम्ही सगळ्या नव्या मुली आहात, म्हणून एक सांगते. सासवा वाईट होत्या म्हणून सुना उपाशी राहिल्या एवढंच ते नाही. ७२ च्या दुष्काळात आमच्याकडं खडी फोडायच्या कामावर आख्खी घरंच्या घरं जात होती. मिलो खाल्ला. लाल ज्वारीच ती, पण भाकरी हाताला यायची नाही, थापतानाच तुटायची. पोरांना सुकडी मिळायची. बुट्टीत भाकरी किती आहेत ते सासूला आणि मला, दोघींनाच माहीत. कामाला जाणाऱ्या गड्याला आधी, पोरांना मग, शेवटी आम्ही दोघी. उरली तर अर्धी-अर्धी, नाहीतर चटणी आणि पाणी. सासूनं मला कधी टाकून बोललं नाही, स्वतःची अर्धी माझ्याकडं सरकवायची. आणि खडी मी पण फोडत होते, गड्याएवढीच. त्याचा विचार त्या वेळी माझ्याही मनात आला नाही.

दुष्काळ सरला. कॅनॉलचं पाणी आलं, पोरं नोकरीला लागली. घरात धान्याला तोटा नाही. तरी माझी शेवटी जेवायची सवय गेली नाही. सून आली तेव्हा ती आमच्यासोबत जेवायला बसली तर माझ्या तोंडून निघालं, "पुरुष माणसं जेवू देत की." ती उठली. तिनं काही वावगं केलं नव्हतं. टंचाई होती तेव्हा ती रीत कशीतरी समजून घेता येत होती. आता कणगी भरलेली असताना ती कशासाठी पाळायची, हे माझं मला सांगता येईना. हल्ली सगळे एकदम बसतो, भाकरी गरम करायला एकेक जण आळीपाळीनं उठतो. नातू पण उठतो.

पेठेतली (सातारा)

काकी, तुम्ही अजून लिहा. खडीच्या कामावर बायकांना मजुरी किती मिळायची, दुपारी खायला काय न्यायच्या, सगळं.

कराडची सूनबाई

मला एक वेगळा मुद्दा मांडायचा आहे. अशा चर्चेत उपासांवर लगेच घसरतात. मी मार्गशीर्षातले गुरुवार करते, हरतालिका करते, आणि मला ते मनापासून आवडतात. त्या दिवशी घट मांडायचा, रांगोळी काढायची, संध्याकाळी पुरणाचा नैवेद्य. मला कुणी सक्ती केलेली नाही. माझ्या श्रद्धेला कुणी "बायका स्वतःला छळतात" म्हटलेलं मला चालणार नाही.

पण एक गोष्ट अलीकडं खटकायला लागलीय. आमच्या ग्रुपमध्ये उपास सुटला की पहिला मेसेज असतो "किती वजन उतरलं?" चतुर्थीला मोदक खाल्ला की दुसऱ्या दिवशी "पाप फेडायला" नुसत्या काकडीवर राहायचं. देवासाठी धरलेला उपास आणि काल जेवले म्हणून स्वतःला दिलेली शिक्षा, ही सरमिसळ मला सहन होत नाही. देवीच्या नैवेद्याला पाप म्हणायची हिंमत होते तरी कशी?

आहारमैत्रीण (मिरज)

सूनबाई, अगदी खरं. उपासाबद्दल माझं म्हणणं इतकंच की साबुदाणा म्हणजे जवळजवळ सगळा स्टार्च, त्यात प्रथिनं नावालाच. खिचडीत शेंगदाण्याचं कूट हात आखडून घालू नका, सोबत दही-ताक घ्या, कधी भगर आणि दाण्याची आमटी करा. गरोदर बाईनं, शुगरची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्या बाईनं निर्जळी करू नये, डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवावं. हिमोग्लोबिन कमी असेल तर जेवणाला लागून चहा नको, तासाभरानं घ्या. चहानं लोह अंगी लागत नाही. भाजीवर लिंबू पिळा, त्यानं लागतं.

नवीन सभासद

मी साताऱ्यात हॉस्टेलला राहते. नाव सांगत नाही. मेसमध्ये जेवताना मैत्रिणी एकमेकींच्या चपात्या मोजतात. सुरुवातीला मजेतच चाललं होतं. मग मी रात्रीचं सोडलं. मग कधीतरी खूप खाऊन टाकते आणि इतकी घाण वाटते की ते बाहेर काढल्याशिवाय झोप लागत नाही. आता आठवड्यातून बऱ्याचदा होतं. घरी गेले की आई म्हणते, बारीक झालीस, छान दिसतेस. मला हे थांबवायचंय. हे इथं लिहायला ठीक आहे का माहीत नाही.

आहारमैत्रीण (मिरज)

बाळा, इथं लिहिलंस हे फार बरं केलंस. हा ओळखीचा आजार आहे. त्याला बुलिमिया म्हणतात, १९७९ साली लंडनच्या एका मानसोपचारतज्ज्ञांनी त्याचं पहिलं सविस्तर वर्णन केलं, आणि त्यावर उपचार आहेत. तू हट्टी नाहीस, घाण तर अजिबात नाहीस. पण हे अंगावर काढू नकोस. वारंवार उलटी झाली की रक्तातलं पोटॅशियम उतरतं, त्याचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. दातांवरचं आवरण झिजतं. चक्कर, छातीत धडधड, हातापायात गोळे असं काही होत असेल तर आजच दवाखान्यात जा.

१४४१६ हा सरकारी टेलिमानसचा नंबर आहे. २०२२ पासून सुरू आहे, पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. मानसोपचारतज्ज्ञांकडं जायला सोबत हवी असेल तर हॉस्टेलमधल्या एखाद्या विश्वासातल्या मैत्रिणीला घे. आज फक्त एवढंच कर, सकाळी नाश्ता चुकवू नको. रात्रीचा तो झटका दिवसभराच्या उपाशीपणातून येतो.

पेठेतली (सातारा)

मी साताऱ्यातच आहे. दवाखान्यात सोबत यायला तयार आहे, मला निरोप टाक. तुझं नाव इथं कुणाला कळणार नाही.

माणदेशी काकी

पोरी, आईला एकदा स्पष्ट सांग. "छान दिसतेस" म्हणताना तिला हे माहीत नाही. कळलं तर ती पहिल्या एसटीनं येईल.

नवीन सभासद

वाचतेय सगळं. निरोप टाकलाय.

जुना सांगलीकर

काल घरी हा धागा मंडळींना वाचून दाखवला. शिवणवाली ताईंनी विचारलेलं वाचल्यावर त्या म्हणाल्या, "भात तुमच्यासाठीच लागतो, मला तर ज्वारीची भाकरी कधीपासून चालते." मला हे माहीत नव्हतं. कंबर मोजली, माझी ९० च्या बरीच पुढं आहे आणि माझी शुगर मी कधी तपासलेलीच नाही. दोघांची तपासणी सोमवारी मिरजेला करून घेणार आहे. संध्याकाळी कृष्णेच्या काठानं दोघांनी चालायचं ठरलंय. पाहुण्यांसमोर बोलणार नाही. एकांतात मात्र काळजीनं बोलेन, तेवढा हक्क राहू द्या.

तासगावची

काका, हक्क आहेच. काकूंनाही तुमच्या शुगरवर बोलायचा आता तेवढाच हक्क.

मला इथल्या सगळ्यांना विचारायचंय. आमच्या भावकीची जत्रा चैत्रात असते. बायकांची पंगत शेवटी असते म्हणून मी ह्या वेळी बैठकीत विषय काढला. दोघा-तिघांनी बाजू घेतली, पण थोरल्या काकांनी "मग वाढायचं कुणी?" म्हणून उडवून लावलं. चुलती माझ्यासोबत ठाम आहे. ज्यांच्या गावात हे बदललंय त्यांनी नेमकं काय केलं ते लिहा. भांडण करून दिवस खराब करायचा नाही, पण गप्पही बसायचं नाही.

पलूसची

आमच्याकडं बदललं, पण पंगतीवरनं वाद घालून नाही जमलं. आम्ही सुरुवात पातेल्यापासनं केली. मटण उतरलं की पहिली पंगत बसायच्या आत बायकांच्या संख्येप्रमाणं एक पातेलं वेगळं भरायचं. फोडी, कलेजी, नळ्या, कट, सगळं त्याच हिशेबात. ते पातेलं आमच्या आत्याच्या ताब्यात असतं, जावई आला तरी त्यातली पळी हलत नाही. पहिल्या वर्षी कुरकुर झाली, एक दीर तर न जेवता उठला. दुसऱ्या वर्षी पोरांनी वाढप हातात घेतलं, कारण कॉलेजच्या पोरांना गणपतीच्या महाप्रसादात वाढायची सवय होतीच. आता पंगती दोनच बसतात, दोन्हीत बाया-बाप्ये मिसळून. तुमच्या थोरल्या काकांना सांगा, वाढायला पोरं आहेत. आणि बैठकीत परवानगी मागू नका. मटण शिजवणाऱ्या बायकांचं आधी एकमत करा, पळी त्यांच्याच हातात असते.

तासगावची

पातेल्याचं पटलं. चुलतीला आत्ताच फोन करून सांगितलं. ती म्हणाली, मोठं पातेलं तिच्याकडं आहे, कल्हई तेवढी करून घ्यावी लागंल.